‘दोष तुझा नाही’ : एका वाक्याचा इतिहास

नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या स्त्रीला ‘दोष तुझा नाही’ असे सांगणे आज साधे वाटते. परंतु मानसोपचारशास्त्राच्या तोंडी हे वाक्य यायला फार काळ लागला. आणि ते त्याला शिकवले बव्हंशी शास्त्राबाहेरच्या स्त्रियांनी.

१९६४ साली अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात स्नेल, रोझनवाल्ड व रोबी या तीन मानसोपचारतज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. खटले होते नवऱ्यांवर. निबंधाचे नाव मात्र ‘बायकोला मारणाऱ्याची बायको’! नवरे तपासणीला दाद देईनात, म्हणून बायकांना तपासले. त्या वरचढ, पुरुषी, थंड ठरल्या, आणि नवऱ्याच्या माराने त्यांचीच काही गरज भागते असा निष्कर्ष निघाला. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हा युक्तिवाद चांगला ओळखीचा आहे. यंत्रात बोट गेले की चौकशीतला पहिला प्रश्न, ‘तुझे लक्ष कुठे होते?’ यंत्राला जाळी होती की नाही, हे मागाहून. तेही कोणी विचारले तर.

याला उत्तर ग्रंथालयातून आले नाही. १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी स्त्रियांसाठी एक लहानसे घर उघडले, आणि मारहाणीतून सुटलेल्या बाया मुलांसह तेथे येऊ लागल्या. (पिझीबाईंची पुढची मते निराळी झाली, तो वेगळा विषय.) अशा घरांतून एकीने आपली कथा सांगितली की दुसरी म्हणे, माझेही तेच. जे एकटीला स्वतःचे वैगुण्य वाटत होते, ते दहाजणींत बसल्यावर वैगुण्य उरले नाही. संघटना याहून निराळी काय असते?

तरी शास्त्र सहजी हटले नाही. दुःख ओढवून घेणारा स्वभाव हा एक विकार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत घालण्याचा घाट घातला गेला. स्त्रियांनी विरोध केला, तेव्हा १९८७ साली तो नाव बदलून परिशिष्टात गेला, आणि १९९४ साली वगळला गेला. मध्यंतरी १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या डॉक्टरबाईंचे पुस्तक आले. आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण व शोक, मग जगाशी पुन्हा नाते, असा त्यांचा क्रम आहे. आणि प्रत्येक पायरीवर निर्णय त्या स्त्रीचा. अत्याचाराबाबत उपचारकाला नैतिक तटस्थता घेता येणार नाही, हेही त्यांनी बजावले.

आपल्याकडे ‘समुपदेशन’ म्हणजे पुष्कळदा ‘जुळवून घे’ एवढेच. म्हणून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ या संस्थेने मिळून सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र आम्हांला मोलाचे वाटते. जखम बांधायला आलेली बाई ‘जिन्यावरून पडले’ म्हणते, तेव्हा तिला एकीकडे घेऊन आस्थेने कसे विचारावे, याचे शिक्षण रुग्णालयाच्या लोकांना दिले गेले. समुपदेशक तिचे म्हणणे खरे मानते. ती घरी परतणार असेल तर तिथे धोका किती, रात्री निघावे लागले तर कोणाकडे जायचे, हे तिच्याबरोबर बसून ठरवते. परतली म्हणून तिच्यावर कोणी रागावत नाही.