वयाचं दुखणं

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भातलावणीला बाया दिवसभर चिखलात ओणव्या असतात. त्यांचे गुडघे लवकर कुरकुरायला लागतात. पूर्वी त्यावर एकच निदान असे, "वयाचं दुखणं!" हाड मोडलं तर हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधी, सांधा झिजला तर मात्र शेक, बिब्बा आणि सोसणं.

खरं तर प्लास्टरची पट्टी डच लष्करी डॉक्टर मथायसेन यांनी १८५१ मध्येच तयार केली होती. क्ष-किरण १८९५ मध्ये राँटगेन यांना सापडले. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये रुग्णालय काढलं, आणि पुढे भारतीय बांध्याचा विचार करून 'इंडस' हा कृत्रिम गुडघाही तयार केला. पण पैशाचं काय? ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची किंमत सुमारे दीड लाखावरून ५४,७२० रुपयांवर (कर वेगळा) आणली. अर्थात ती फक्त सांध्याची. शस्त्रक्रियेचा, दवाखान्याचा खर्च निराळाच.

शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय. आधी वजन कमी करणं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, आणि काठी. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

तेव्हा मंडळी, घरातली आई-काकू जिना चढताना कठडा धरू लागली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. एकदा डॉक्टरांना दाखवा. आपल्या आज्यांना ती सोय नव्हती.