एकरभर रान, बाईच्या हिशेबाचं

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा, उमरगा भागातली घरं पडली. पुनर्बांधणीसाठी उंबऱ्याबाहेर आलेल्या बायांचे गट पुढे शेतीकडे वळले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने बायांनी घरच्यांकडून एकरभर रान मागून घेतलं. त्यात तूर, मूग, उडीद, ज्वारी आणि कडेला गवार, भेंडी. धाराशिवच्या कोरडवाहू शेतीत सुधारणा खरी रुजली ती इथे, असं मला वाटतं. एकरात काय भागणार, सोयाबीनचा पैसा मोठा, हा आक्षेप खोटा नाही. पण पावसाने ओढ दिली की एकच पीक असलेल्याचा अख्खा हंगाम जातो; मिश्र रानात मूग गेला तरी तूर तगते. शिवाय डाळ-भाजीचा वाचलेला पैसा हेही उत्पन्नच. अडतं ते सातबाऱ्यावर: तिथे बहुधा अजून नवऱ्याचंच नाव, म्हणून पीककर्जही त्यालाच.