खानावळवाली आणि फॅमिली रूम

माल विकायला गटाच्या बायका मुंबईच्या प्रदर्शनात जातात, तेव्हा एक गोष्ट आम्हाला दर वेळी दिसते. स्टॉलवर आपलं थालीपीठ, आपला रस्सा खायला गिऱ्हाइकांची रांग असते. आपण मात्र स्टॉलच्या मागं बसून सकाळी बांधून आणलेली चटणी-भाकरी खातो. समोर साधंसुधं हॉटेल असतं, कनवटीला पैसेही असतात. तरी ‘आपण बायका-बायकाच आत कशा जायच्या?’ असं कुणीतरी म्हणतंच. हा संकोच आला कुठून, ते बघायचं म्हणून आम्ही मुंबईतल्या साध्या हॉटेलांचा इतिहास वाचायला घेतला. त्यात पहिल्याच पानावर बाई भेटली. पण ती टेबलाशी नव्हती, चुलीशी होती.

मुंबईत कापडगिरण्या निघाल्या त्या १८५०च्या दशकात. पुढं लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सगळा भागच गिरणगाव झाला. रत्नागिरी, सातारा अशा भागांतून माणसं कामाला आली. आली ती बहुतेक एकटी. बायको गावाला शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायला राहिली. मुंबईत एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गडी, त्यांना स्वयंपाक कोण घालणार? मग चाळीतल्याच एखाद्या बाईनं, नवरा गिरणीत असलेल्या किंवा नवरा गेलेल्या, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत खानावळ सुरू केली. पुष्कळदा ती जेवणाऱ्यांच्या गावाकडचीच असायची. त्यामुळं भाकरी, कालवण, मसाला सगळं ओळखीचं.

या खानावळीचा हिशेब आपल्याला लगेच कळेल. गिरणीच्या पाळ्या दिवसरात्र चालत, त्यामुळं बाईची चूलही. पहाटे उठून पहिल्या पाळीचे डबे, मग दुपारची पंगत, रात्री उशिरा सुटणाऱ्यांसाठी वेगळं झाकून ठेवलेलं. पाणी भरणं, दळण आणणं, भांडी घासणं तिचं आणि तिच्या पोरींचं. जेवणाऱ्याचा पैसा मात्र पगार झाल्यावर, महिन्यानं. तोवर किराणा उधारीवर, आणि उधारीवर घेतला की भाव वाण्याचा. कमी पडलं तर सावकार. डाग गहाण, नाहीतर पितळेची भांडी गहाण. म्हणजे पंधरा-वीस माणसांना रोज जेवू घालणारी बाई वर्षाच्या शेवटी कर्जातच. तिच्या स्वतःच्या मजुरीचा आकडा त्या हिशेबात कुठं धरलेलाच नसायचा. आपल्या गटाच्या किती वह्यांत तो धरलेला असतो, हे ज्याचं त्यानं बघावं.

संप झाला की तर कठीणच. १९७४ साली गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार नाही म्हणून जेवायला आलेल्याला ‘उठ’ म्हणणं या बायांना जमणारं नव्हतं. गडी उपाशी राहिला असता तर संप टिकला नसता. युनियनच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं पुष्कळ येतात. उधारीवर भाकऱ्या थापणाऱ्या बायांची फार थोडी.

ही गोष्ट जिच्या नजरेला आली ती प्रेमा पुरव. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेली, पुढं मुंबईत कामगार चळवळीत काम करणारी बाई. त्या काळी मोठ्या बँका नुकत्याच सरकारच्या ताब्यात आल्या होत्या, १९६९ साली. गरिबांना शेकडा ४ टक्के व्याजानं कर्ज देण्याची योजनाही १९७२ साली आली होती. पण चाळीतल्या खानावळवालीला बँकेच्या दारात उभं कोण करणार? प्रेमाताईंनी १४ बायांना एकत्र केलं, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. कर्ज मिळालं, बायांनी ते फेडलं, मग आणखी बाया आल्या. बचत गट हा शब्द गावोगाव पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आपण ज्याला सामूहिक हमी म्हणतो ती या खानावळवाल्यांनी आधी करून दाखवली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

१८ जानेवारी १९८२ला मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळजण परत कामावर गेलेच नाहीत. हळूहळू गिरण्या बंद पडल्या, गडी गावाला परतले आणि जेवणारेच गेले. ज्यांना जमलं त्या बायांनी ऑफिसांत डबे द्यायला सुरुवात केली, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतल्या, पोळीभाजीची केंद्रं काढली.

आता टेबलाकडं येऊ.

खानावळीच्या जोडीला मुंबईत इराण्याची हॉटेलं होती. इराणातून आलेली पारशी आणि मुसलमान माणसं. त्यांनी नाक्यावरच्या कोपऱ्याच्या जागा घेतल्या. म्हणतात की कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार ती घेत नसत. धोबी तलावाजवळचं कयानी १९०४ सालचं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ सालचं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चहा आणि मस्का पाव. कुणीही यावं, चार पैसे टाकावे, पेपर वाचत बसावं. पण ‘कुणीही’ म्हणजे कुणीही पुरुष. बाईमाणसासाठी पुष्कळ हॉटेलांत एक बाजू लाकडी फळ्या ठोकून वेगळी केलेली असे. तिला दार किंवा पडदा आणि वर पाटी, ‘फॅमिली रूम’. बाईनं एकटीनं नव्हे, तर कुटुंबासह यायचं, आणि कुणाला दिसायचं नाही. आमच्यापैकी थोड्या वयस्कर मैत्रिणींना तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या अशा खोल्या आठवतील. काही म्हणतील, त्या खोल्यांमुळं निदान बसता तरी आलं. तेही खरंच आहे. पण पडद्याआड बसवलं की पडद्याबाहेरची जागा आपली नाही, हेही आपोआप शिकवलं जातं.

आणि सगळ्याच बायकांना, सगळ्याच पुरुषांना ते दारही उघडं नव्हतं. ‘ब्राह्मणांची खाणावळ’, ‘हिंदू हॉटेल’ अशा पाट्या उगाच नसायच्या. दलितांना चहाचा कप वेगळा, बसायची जागा वेगळी, नाहीतर बाहेरूनच. म्हणून तर संविधानाच्या कलम १५मध्ये दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांत धर्म, जात, लिंग यावरून कुणाला अडवता येणार नाही, असं स्पष्ट लिहावं लागलं. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. त्या कलमात ‘लिंग’ हा शब्द आहे, म्हणजे आपणही त्यात आहोत. पुढं १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला.

राईस प्लेट आणि इडली-डोसा आणला तो उडुपीवाल्यांनी. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची मुलं मुंबईत यायची, हॉटेलात टेबल पुसता पुसता धंदा शिकायची. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली काढलेलं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आजही केळीच्या पानावर जेवण वाढतं. स्वच्छता, ठरलेला भाव आणि झटपट वाढप यावर ही हॉटेलं चालली. इथं एक गंमत बघा. घरात जो स्वयंपाक बायकांचा, तो हॉटेलात गेला की पुरुषांचा झाला. त्याला आचारी म्हणू लागले, त्याला पगार आला. खानावळवाली मात्र शेवटपर्यंत ‘मावशी’ राहिली.

दादरचं मामा काणे १९१० सालचं. तिथं आणि गिरगावात मराठी पदार्थांची हॉटेलं निघाली. साबुदाणा वडा, मिसळ, थालीपीठ विकत मिळू लागलं, मग फाळणीनंतर पंजाबी जेवण आलं, मग वडापाव. तपशील सोडून देऊ. आपल्या दृष्टीनं बदल झाला तो बायका ऑफिसांत, शाळांत, दवाखान्यांत कामाला लागल्यावर. दुपारी डबा नसला तर जेवायचं कुठं? मग दोघी-तिघी मिळून जाऊ लागल्या. हळूहळू फॅमिली रूमच्या फळ्या निघाल्या, काही ठिकाणी ती एसी रूम झाली. कुणी आंदोलन केलं नाही. बायका रोज जेवायला गेल्या, एवढंच. शहरात दिवसभर फिरणाऱ्या बाईला हॉटेलात बसण्याचं आणखी एक मोल आहे, ते उघड बोलू या. तिथं बाथरूम असतं. ते नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीजणी आपल्यात आहेत!

सरकारनंही स्वस्त जेवण देऊन पाहिलं. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली, ती पाचेक वर्षांत बंद झाली. २६ जानेवारी २०२०पासून १० रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ही केंद्रं काही ठिकाणी बचत गटांच्या बायका चालवतात. सुरुवातीला थाळीचा दर शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. गिऱ्हाइकानं १० द्यायचे, उरलेले अनुदान म्हणून नंतर जमा व्हायचे. हा ‘नंतर’ शब्द गिरणगावच्या बायांना चांगला ठाऊक होता. म्हणून कुठल्याही गटाला असं केंद्र किंवा खानावळ चालवायला घ्यायची असेल, तर आमचं सांगणं असं आहे : मधल्या महिन्या-दोन महिन्यांचा किराणा आणि गॅस कोणत्या पैशातून भरायचा, आणि स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीची रोजची मजुरी किती धरायची, हे दोन आकडे आधी बैठकीच्या वहीत लिहा. अर्ज त्यानंतर भरा.