बर्फाच्या वादळानंतर शहराचा फोटो: पांढरा बर्फ फोनमध्ये राखाडी का येतो?

न्यूयॉर्क, बोस्टन किंवा टोरांटोला शिकायला-नोकरीला गेलेल्या मित्रमंडळींच्या स्टेटसवर हिवाळ्यात एक फोटो हमखास दिसतो. मागे उंच इमारतींची रांग, पुढे रात्रभर पडलेला बर्फ, आणि तो बर्फ मात्र मळक्या चादरीसारखा. फोन चांगला असतो, लेन्स पुसलेली असते, तरीही असं होतं. दोष आहे तो कॅमेरा प्रकाश कसा मोजतो त्यात.

कॅमेऱ्याचं मीटरिंग मुळात एका गृहीतकावर चालतं: समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परत येतोय. माणसं, रस्ते, झाडं यांच्यासाठी हे बऱ्यापैकी जमतं. पण ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे जवळपास पाचपट. कॅमेऱ्याला वाटतं, फारच उजेड झाला, आणि तो सगळं दृश्य खाली ओढतो. बर्फ राखाडी होतो, इमारती आणखी काळवंडतात. आजकालचे फोन एचडीआरने अनेक फ्रेम एकत्र करतात, काही फोन बर्फ ओळखतातही, त्यामुळे चूक पूर्वीइतकी मोठी नसते. पण फ्रेमचा अर्धा भाग बर्फ असेल तर ती अजूनही दिसते.

उपाय सोपा आहे, फक्त उलटा वाटतो: आधीच लख्ख असलेलं दृश्य अजून उजळ करायचं. आयफोनवर बर्फावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. अँड्रॉइडवर टॅप केल्यावर ब्राइटनेसचा स्लायडर येतो, किंवा प्रो मोडमध्ये ईव्ही नावाचं सेटिंग असतं. +०.३ पासून सुरू करा आणि बहुतेक वेळा +१ च्या आत थांबा. जास्त केलं तर बर्फावरचे पावलांचे ठसे, वाऱ्याने काढलेल्या रेघा गायब होतात. तिथे सेन्सरचं मोजमाप शंभर टक्क्यांवर जाऊन अडकलेलं असतं, त्यामुळे एडिटिंगमध्ये तो तपशील परत येत नाही. काळोखं थोडंफार उजळता येतं, जळालेलं पांढरं नाही. म्हणून शंका असेल तर थोडं कमीच ठेवा.

आता मुख्य अडचण. इमारतींवर बर्फ टिकतच नाही! काचेच्या उभ्या भिंतींवर तो साचणार कुठे? २०१६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एकाच वादळात २७.५ इंच, म्हणजे जवळपास ७० सेंटीमीटर बर्फ पडला. १८६९ पासूनच्या नोंदींमधला हा विक्रम. पण लांबून नुसत्या मॅनहॅटनच्या इमारती टिपल्या असत्या, तर तो फोटो थंडीतल्या कुठल्याही दिवसाचा वाटला असता. बर्फ दिसतो तो पुढच्या बाजूला, त्यामुळे स्कायलाइनच्या फोटोत खरी मेहनत तिथे घ्यायची. ब्रुकलिन ब्रिज पार्कमध्ये पिअर १ जवळ जुन्या धक्क्याचे लाकडी खांब पाण्यातून वर आलेले आहेत. त्यांच्या डोक्यावर बर्फाच्या टोप्या आणि मागे लोअर मॅनहॅटन, इतकं पुरतं. उंच मजल्यावर राहत असाल तर समोर बघण्याऐवजी खाली बघा: सपाट छतं, त्यांवरच्या लाकडी पाण्याच्या टाक्या, हे सगळं पांढरं झालेलं असतं. काचेतून काढताना खोलीतला दिवा बंद करा आणि फोन काचेला टेकवा, नाहीतर स्वतःचंच प्रतिबिंब येतं.

अल्ट्रावाइडचा मोह टाळा. इमारती काडेपेटीएवढ्या होतात. २x किंवा ३x लेन्स बरी.

वेळेबद्दल. वादळ सरकलं की मागून उत्तर-पश्चिमेची कोरडी थंड हवा येते, आणि हवेतली बरीच धूळ बर्फाबरोबर खाली बसलेली असते. म्हणून दुसऱ्या दिवशी दूरचंही स्वच्छ दिसतं. ब्रुकलिनकडून तुम्ही पश्चिमेला बघता, त्यामुळे सकाळचं ऊन इमारतींवर पडतं. हडसनच्या पलीकडे जर्सी सिटीतून (आपली बरीच मराठी मंडळी न्यू जर्सीतच असतात) पूर्वेला बघता, तिथे संध्याकाळ चांगली. जानेवारीच्या शेवटी सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. पुढची वीसेक मिनिटं आकाश गडद निळं, खिडक्या पिवळ्या आणि बर्फ दोन्ही रंग घेतलेला असतो. माझ्या मते दिवसातली हीच वेळ सगळ्यात भारी. सावलीतला बर्फ निळा दिसतो तो खरंच निळा असतो, कारण तिथे ऊन नाही, फक्त आकाशाचा उजेड पोहोचतो. व्हाइट बॅलन्स ओढून तो सगळा पुसू नका.

बर्फ अजून पडत असेल तर फ्लॅश बंदच ठेवा. तो जवळच्या कणांवर आपटून पांढरे ठिपके देतो.

बॅटरीकडे मात्र दुर्लक्ष नको. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा दिली आहे, आणि वादळानंतर तापमान सहज त्याखाली जातं. थंडीत लिथियम-आयन सेलचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि ३० टक्के दाखवणारा फोनही बंद पडू शकतो. त्याच फोनवर नकाशा, तिकीट आणि घरचा कॉल असतो. २०१६ च्या त्या वादळात न्यूयॉर्कमध्ये शनिवारी दुपारपासून रविवारी सकाळपर्यंत खासगी गाड्यांना रस्त्यावर बंदी होती. अशा वेळी बंद फोन घेऊन नदीकाठी अडकणं ही गंमत नाही. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, फ्रेम डोळ्यांनी ठरवा आणि मगच बाहेर काढा. हातमोजे घातलेले असतील तर व्हॉल्यूमचं बटण शटरसारखं वापरा. पॉवर बँकही आतल्याच खिशात.

घरी शिरण्याआधी फोन झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत घालून बंद करा. एसी गाडीतून पावसाळ्यात उतरलं की चष्म्यावर वाफ धरते, तसंच गार फोनवर घरातल्या उबदार हवेतलं पाणी जमतं. पिशवी असली तर ते पिशवीवर जमतं. अर्धा तास थांबा. तोवर चार्जरलाही लावू नका: ० अंशाखाली सेल चार्ज केला तर आत लिथियम धातूचा थर बसू शकतो आणि त्याने गेलेली क्षमता परत येत नाही.