बाबांचा लॅपटॉप

गेल्या दिवाळीत आवराआवर करताना बाबांचा लॅपटॉप कपाटातून खाली काढला. 2012 चा. 'भंगारात दे', असं घरात सगळ्यांचं मत. सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं! त्यात ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज 11 ला लागणारं टीपीएम 2.0 यात नाही. म्हटलं, आधी उघडून तर बघू.

मंडळी, हे प्रकरण सुरू झालं तेव्हा मांडीवर घेण्यासारखं नव्हतंच. 1981 चा ऑस्बॉर्न 1 जवळपास 11 किलोचा, पडदा 5 इंची, आत बॅटरी नाहीच. (आमचं शिलाई मशीन बरं!) पुढच्याच वर्षीचा ग्रिड कंपास मात्र आजच्यासारखा मिटणारा. पुढे वजन घटत गेलं, तरी बहुतेकांत स्क्रू काढून रॅम, डिस्क बदलता येई. 2008 च्या मॅकबुक एअरने बारीक होण्यापायी रॅम बोर्डावर सोल्डरच करून टाकली. हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले. इतके, की 2021 मध्ये फ्रेमवर्कने सगळं बदलता येणारा लॅपटॉप काढला, तर त्याची बातमी झाली!

असो. बाबांचा स्क्रूवाल्यांपैकी निघाला. प्रोसेसर ठीक होता, रखडत होती ती हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, 4 ची रॅम 8 जीबी, वर लिनक्स. आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

जुन्या डिस्कवर बाबांनी टाइप केलेल्या आठवणी सापडल्या. लग्नापर्यंत येऊन थांबलेल्या. पुढचं आई टाइप करतेय, त्याच कीबोर्डवर, एका बोटाने.