विकर आणि प्रकाशकण

१. ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ : यकृत व अस्थी यांच्या विकारांत रक्तामध्ये वाढणारे विकर. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एखाद्या रुग्णाच्या रिपोर्टावर याचा जो आकडा नमूद होतो, तो रक्तद्रवात घातलेले वर्णहीन द्रव्य विकराने भंगून जितके पिवळे होईल, त्यावरून काढतात. परंतु त्याच मिश्रणात काही नॅनोमीटर व्यासाचे फ्लुरोसंट कार्बनकण असल्यास, त्यांना उद्दीपित करणारा जांभळा प्रकाश ते पिवळे द्रव्यच शोषून घेते, आणि कणांची प्रभा जितकी मंदावेल तितके विकर अधिक, असा अत्यल्प मात्रेचाही सूक्ष्म दाखला हाती येतो. कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) रसायनशास्त्र विभागात अशा प्रकाशमान नॅनोकणांवर संशोधन झाले आहे, ही अभिमानाने नोंदवावी अशी बाब. दैनंदिन तपासणीत मात्र अद्याप पिवळ्या रंगाचीच पद्धत रूढ आहे.