पाचवा ठोकळा

इंजिनिअरिंगला असताना बहुभुजाचं क्षेत्रफळ काढणारा प्रोग्राम लिहिला होता. बिंदू उलट्या दिशेने दिले की उत्तर ऋण यायचं. मी उणे चिन्ह काढून टाकलं आणि मार्क मिळवले. पनामाची हकीकत वाचताना ते चिन्ह आठवलं.

पनामा सिटीतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत कोबाल्ट-६० च्या मशीनवर किरणोपचार होत. ओटीपोटाच्या कर्करोगात निरोगी अवयव वाचवायला किरणांच्या वाटेत ठोकळे ठेवतात. मशीन किती वेळ चालवायचं, हा हिशेब मल्टिडेटा या अमेरिकी कंपनीचं सॉफ्टवेअर करायचं. त्यात चारच ठोकळ्यांची सोय होती. डॉक्टरांना पाचवा हवा होता.

ऑगस्ट २००० मध्ये तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी युक्ती काढली: सगळे ठोकळे मिळून मधे भोक असलेला एकच ठोकळा आहे, असं प्रोग्रामला सांगायचं. प्रोग्रामने ते मुकाट घेतलं. पण रेषा कशा फिरवून काढल्या, यावर उत्तर बदलत होतं. एका पद्धतीने उपचाराचा वेळ जवळपास दुप्पट यायचा. पडद्यावर इशारा नाही, काही नाही.

रुग्णांचे जुलाब थांबेनात, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. चूक सापडेपर्यंत मार्च २००१ उजाडला. २८ जणांना जादा मात्रा मिळाली होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक पोचलं तोवर आठ जण दगावले होते. त्यातले किमान पाच मृत्यू किरणांमुळे झाले, असं पथकाने म्हटलं. २००४ मध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्यांची चूक होतीच. नवी पद्धत तपासून न पाहता वापरली. हाताने केलेल्या साध्या हिशेबातही तो दुप्पट वेळ डोळ्यांत भरला असता. पण त्यांनी फसवणूक केली नव्हती. डॉक्टरांनी मागितलेला पाचवा ठोकळा त्यांना बसवायचा होता, आणि प्रोग्रामने चुकीच्या आकृतीलाही आकडा दिला.

माझ्या कामातही अशा 'चारच' मर्यादा मी घालतो. वापरणारा त्यातून वाट काढतो, तेव्हा आम्ही म्हणतो, 'युजरने चुकीचं वापरलं.' हल्ली ते वाक्य तोंडात येतं आणि मी थांबतो. ज्या इनपुटचा अर्थ प्रोग्रामला लागत नाही, त्याला उत्तर न देणं हेही लिहावं लागतं. ते काम माझं आहे.